अकरा काळ्या गिटारी

वसईजवळच्या वटार गावातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या शाळेने फसवलं. शाळेला गिटारी पुरवणाऱ्या ठेकेदाराने फसवलं. ठेकेदाराला मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याने फसवलं की दोघे आतून एकच होते, हे मला अजून कळलेलं नाही. या सगळ्याला माझाही हात लागलेला आहे. तो कसा, ते सांगणार आहे, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवायचं तर आधी आपला हात उघडा करावा लागतो.

माणिकपुरात माझं वाद्यांचं दुकान आहे. रिक्षा स्टँडसमोरच्या गल्लीत, औषधाच्या दुकानाला लागून. बावीस वर्षं झाली. त्याआधी मी दादरला एका पेटीच्या कारखान्यात होते. भाते चिकटवायला ठेवलं होतं मला. पेट्यांचे सूर लावणारा कारागीर दोन महिने आजारी पडला तेव्हा मालकाला कळलं की भाते चिकटवणाऱ्या पोरीला कान आहे. कळलं तरी पगार भात्यांचाच राहिला. तेव्हापासून घासाघीस करायची सवय लागली ती लागलीच. आजही ठोक बाजारात मी गेले की लोक आधी चहा मागवतात, कारण माझ्याशी भाव ठरायला चहाला उकळी येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रागीट म्हणतात मला. आहे. दुकान चालवणाऱ्या पुरुषाला कोणी रागीट म्हणत नाही, कडक म्हणतात.

वसईत गिटार विकणं म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांसाठीच विकणं. चर्चच्या गायनमंडळात जायचंय, पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्याची भेट द्यायचीय, नाहीतर बिल्डिंगमधल्या शेजाऱ्याच्या मुलाने क्लास लावलाय म्हणून आपल्याही मुलाला लावायचाय. या सगळ्या आईबापांची एकच ठरलेली चूक असते आणि ती आपल्याकडचेच लोक करू जाणोत. त्यांना वाढत्या अंगाची गिटार हवी असते.

उमेळ्याच्या नव्या इमारतीतले बँकेतले एक गृहस्थ आले होते. सोबत सात वर्षांचा मुलगा. मी मुलाला स्टुलावर बसवलं, लहान आकाराची गिटार मांडीवर दिली. मुलाचा डावा हात मानेच्या टोकाच्या खुंटीपर्यंत पोहोचला आणि कोपर जरा वाकलेलं राहिलं, म्हणजे माप बरोबर. दुसरं काही बघायचं नसतं.

"ही दोन वर्षांत लहान होईल ना," गृहस्थ म्हणाले. "ती मोठी द्या. एकदाच खर्च."

"साहेब, तुम्ही मुलाचे बूट वाढत्या पायाचे घेता का?"

"अर्थात. एक नंबर मोठा. पुढे कापूस घालतो."

"मग मोठ्या गिटारीत कापूस कुठे घालू ते सांगा."

ते हसले, पण गेले मोठीच घेऊन, दुसऱ्या दुकानातून. ती गिटार आज त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर आहे, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. मुलगा क्रिकेट खेळतो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः अशा मोठ्या गिटारी हसत विकल्या आहेत. मोठ्या गिटारीत मला जास्त सुटायचं. किती मुलांचे हात त्या मानेला पुरले नाहीत आणि किती जणांनी 'मला जमत नाही' असं स्वतःलाच सांगून टाकलं, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. बरं आहे नाही ते.

बाकी गोष्टी दोनच. मुलाच्या पहिल्या गिटारीला नायलॉनच्या तारा असाव्यात. पोलादी तारा कोवळ्या बोटांत रुततात आणि मुलं चार दिवसांत बोटं फुंकत बसतात. आणि तारा मानेपासून फार उंच नसाव्यात. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या बाराव्या पट्टीवर तारेखाली रुपयाची दोन नाणी एकावर एक सरकवून बघा. जेमतेम बसली तर घ्या. तिसरं नाणं आरामात गेलं तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर या.

ही बारावी पट्टी फार महत्त्वाची. ती तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवी. तिथे तार दाबून छेडली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात ऐकू आला पाहिजे. तारेचं दुसरं टोक जिच्यावर टेकतं त्या लाकडी पट्टीला आम्ही घोडी म्हणतो. ती कारखान्यात चार-पाच मिलीमीटर पुढे, मानेच्या बाजूला, चिकटवली गेली तर सगळं बिघडतं. मोकळ्या तारा लावून घ्याल तेव्हा गिटार शहाण्यासारखी बोलेल. बोट ठेवलं की सूर चढेल, आणि बोट जितकं खाली सरकेल तितका जास्त चढेल. अशी गिटार कितीही वेळा सुरात लावा, ती बेसूरच वाजणार. दिसायला मात्र नवीकोरी, चकचकीत.

आता त्या मुलीकडे येते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, शाळा अजून चालू असताना, दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं तेव्हा वटारची ॲग्नेला आली. मी तिला तोंडओळखीने जाणत होते. सोनचाफा आणि केळी विकते, सकाळी बाजारात बसते. तिच्याशी भाव करणारी बाई रिकाम्या पिशवीने परत जाते असं ऐकलं होतं. सोबत मुलगी रिया, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली एक मोठी काळी गिटार.

"ताई, ही घ्यायची. काय येतील ते बोला."

"नवीच दिसते. विकता कशाला?"

"हिच्या शाळेत क्लास काढलेला. शाळेनेच यादी दिली, सगळ्यांनी काळीच घ्यायची, मोठीच घ्यायची, त्यांच्याच माणसाकडून घ्यायची. स्टेजवर सगळी पोरं एकसारखी दिसली पाहिजेत म्हणून. आता क्लास बंद हिचा."

"कंटाळली?"

ॲग्नेलाने पिशवीतून प्रगतिपुस्तक काढलं आणि माझ्यासमोर धरलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : संगीताचा कान नाही. दुसरा छंद निवडावा.

"सारखी सरांना सांगायची, सर हे चुकतंय, सर हे चुकतंय. सर बोलले, चूक तुझ्यात आहे. गॅदरिंगला हिला मागच्या रांगेत उभी केली. बोलले, तारेला हात लावू नको, नुसती धरून उभी राहा."

रिया काचेच्या कपाटातल्या बासऱ्यांकडे बघत होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळलेल्या मुलांचा चेहरा जसा कोरा होतो, तसा तिचा झाला होता.

खरं तर मी तेव्हाच गिटार वाजवून बघायला हवी होती. पण समोर विकायला आलेलं गिऱ्हाईक आणि हातात माल असला की माझी जीभ आपोआप सुरू होते. मी गिटार उलटीपालटी केली, पाठीवर टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं.

"आतून तडा गेलाय. आवाज फुटका येतो. अर्ध्याच्याही अर्धे मिळतील."

तडा नव्हता. हे धंद्यातलं नेहमीचं वाक्य आहे, कारण गिटारीच्या आत कोणी बघत नाही.

ॲग्नेलाने बघितलं. मोबाइलचा दिवा लावला, गिटारीच्या मधल्या गोल भोकावर धरला आणि डोळा लावला. पुढे तिने मला सांगितलं की बाजारात माल घेताना ती टोपलीचा तळ आधी बघते. वर टपोरी फुलं कोणीही ठेवतो.

"तडा कुठे आहे, दाखवा," ती म्हणाली. "आत तर साफ आहे. फक्त पेन्सिलीने फुली मारलीय. ती कशाची?"

मी तिच्या हातातून मोबाइल जवळजवळ हिसकावलाच. आत, लेबलाच्या वर, जाड पेन्सिलीची फुली होती. उजवा पाय लांब, डावा आखूड. माझी.

मी दुकानात आलेली प्रत्येक गिटार बाराव्या पट्टीवर तपासते. जी नापास होते तिच्या पोटात अशी फुली मारते, म्हणजे परत पाठवताना घोळ होत नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात ठोक व्यापाऱ्याकडून मी काळ्या गिटारींचा मोठा गठ्ठा घेतला होता. त्यातल्या अकरांची घोडी पुढे चिकटलेली निघाली. मी फोन करून भांडले, ओरडले, आणि शेवटी सौदा केला. अकरा परत घ्या, मी बाजारात तोंड उघडत नाही, उरलेल्यांचा भाव उतरवा. त्याने उतरवला. त्या दिवशी मी घरी जाताना श्रीखंड नेलं होतं. इतका चांगला सौदा मी त्या वर्षात केला नव्हता. त्या अकरा गिटारी परत गेल्यावर कुठे जातील, हा प्रश्न मला पडला नाही. पडला असेल तर मी त्याला उभं केलं नाही.

"ताई, काय झालं?" ॲग्नेला म्हणाली.

मी पहिली तार मोकळी छेडली, मग बाराव्या पट्टीवर दाबून छेडली. सूर चढला. मी तोंड उघडायच्या आत बासऱ्यांच्या कपाटाकडून आवाज आला.

"बघ मम्मी. चढलं. मी बोलत होते ना."

मी रियाला म्हटलं, "बेटा, रस्त्याकडे तोंड करून उभी राहा. मागे बघायचं नाही."

भिंतीवरच्या सहा गिटारी मी एकेक करून काढल्या. मोकळी तार, दाबलेली तार. मोकळी, दाबलेली. मुलगी रिक्षांकडे बघत उत्तरं देत होती. बरोबर. बरोबर. बरोबर. चौथ्या गिटारीला ती थांबली.

"ही थोडी चढते. जास्त नाही. थोडीच."

"नाही गं, ही चांगली आहे," मी म्हणाले. ती गिटार मी स्वतः तपासून टांगली होती.

"थोडी चढते," ती पुन्हा म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतकी माफी होती की मला स्वतःचाच राग आला.

मी सूर मोजायचं यंत्र लावलं. काटा मध्यापासून जेमतेम हलला होता, पण हलला होता. बावीस वर्षं माझं दुकान आणि त्याआधी पेट्यांचे सूर, एवढ्या काळात असा कान मी तीन वेळा पाहिला असेल. त्यातले दोघे म्हातारे कारागीर होते. या पोरीने पाठमोरं उभं राहून माझ्या भिंतीवरची चूक काढली. आणि तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, कान नाही.

मग मी ॲग्नेलाला सगळं सांगितलं. फुली, अकरा गिटारी, सौदा. श्रीखंडाचं सोडून सगळं. मला वाटलं ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला त्याला उत्तर देता येतं. ती रियाशी घरच्या बोलीत काहीतरी बोलली, ते मला अर्धंच कळलं. मग माझ्याकडे वळली.

"किडका माल माझ्यापण टोपलीत निघतो, ताई. मी खतात टाकते. ज्याने दिला त्याला परत नाय देत. तो दुसरीला विकणार ना."

मी भिंतीवरची रियाच्या मापाची एक गिटार उतरवली, नायलॉनच्या तारांची, आणि पुढे केली. "ही हिला. पैसे नकोत."

"फुकट नको. उद्या तुम्हीच बोलाल, तोंड बंद ठेवायला दिली."

"मग काळी द्या आणि ही न्या. फिटंफाट."

"काळीची किंमत तर तुम्ही अर्ध्याची अर्धी केलेली. तडा आहे ना तिला?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. "बरं, तुम्ही सांगा."

"काळी तुम्ही ठेवा. ही मी नेते. आणि उद्या शाळेत माझ्याबरोबर यायचं. हे आता मला बोलला तसंच हेडबाईंना बोलायचं. तुमच्या तोंडाने."

मी चार वेळा भाव पाडायचा प्रयत्न केला. चिठ्ठी लिहून देते म्हणाले, फोन करते म्हणाले. ती हलली नाही. या बाईने मला हरवलं, आणि तिच्याकडून हरल्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. मुख्याध्यापकबाईंनी चहा दिला. मी काळी गिटार टेबलावर ठेवली, बाराव्या पट्टीचा प्रकार वाजवून दाखवला, माझ्या सौद्यासकट सगळं सांगितलं.

"पण कार्यक्रम तर इतका छान झाला," बाई म्हणाल्या. "पालक खूश आहेत. गाणं स्पीकरवर होतं, मुलं नुसता अभिनय करत होती. गिटारी वाजायचा प्रश्नच नव्हता."

"मग सुरात नसलेल्या गिटारीवर या मुलीची परीक्षा कोणी घेतली?"

"ते सर ठेकेदाराचे होते. आम्ही फक्त परवानगी दिली."

"यादी तर शाळेच्या कागदावर आहे. काळी, मोठी, अमक्याच माणसाकडून."

"ते ऑफिसने टाइप केलं असेल."

मी म्हटलं, सगळ्या मुलांच्या गिटारी मला एक शनिवार आणून द्या, फुकट तपासते, नापास निघतील त्या फुकट दुरुस्त करते. बाई म्हणाल्या, पालकांमध्ये गैरसमज पसरेल. ॲग्नेलाने प्रगतिपुस्तक पुढे केलं आणि म्हणाली, "ही एक ओळ तेवढी खोडून द्या, टीचर." बाई म्हणाल्या, एकदा लिहिलेला शेरा बदलायची पद्धत नाही.

तिथे माझा आवाज चढला. किती चढला ते त्या शाळेच्या शिपायाला विचारा, त्यानेच मला फाटकापर्यंत पोहोचवलं.

ठोक व्यापाऱ्याला मी रस्त्यातूनच फोन लावला. तो म्हणाला, "परत आलेला माल माझा. मी कोणालाही विकीन. आणि भाव उतरवून घेताना तुम्हाला हे सुचलं नव्हतं काय?" त्या दिवसापासून नापास गिटारीची घोडी मी उपटूनच परत पाठवते. त्याने मला माल देणं बंद केलं आहे. दुसऱ्याकडून घेते, महाग पडतो.

मी ओरडून काही मिळवलं नाही. ॲग्नेलाने न ओरडता मिळवलं. शाळा सुटायच्या वेळेला ती आठवडाभर फाटकाशी उभी राहिली, फुलांची रिकामी टोपली कडेवर, आणि न्यायला आलेल्या प्रत्येक आईला सांगत राहिली. "घरी गेलीस की बारावी पट्टी मोज. तिथे दाबून वाजव. पोराला विचार, सेम लागतं का. आणि आत दिवा मारून बघ, फुली आहे का." कोणाला दटावलं नाही, शाळेला नावं ठेवली नाहीत. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. संगीताचं एक अक्षर न शिकलेल्या बाईने जे तीस-चाळीस आयांना समजावलं, ते मला दुकानात बसून बावीस वर्षांत जमलं नव्हतं.

त्या आया दुकानात येऊ लागल्या. कोणी स्कूटीवर गिटार आडवी धरून, कोणी रिक्षातून. पुष्कळ गिटारी बऱ्या निघाल्या, मापाने मोठ्या पण सुराने खऱ्या. माझ्या फुलीच्या, रियाची धरून, नऊ सापडल्या. प्रत्येकीची घोडी गरम पात्याने सोडवली, मागे सरकवून सरसाने बसवली, रात्रभर दाबून ठेवली. घोडी सरकली की काळ्या रंगावर पुढे फिकट पट्टी उरते. एक आई म्हणाली, हे डाग रंगवून द्या ना. मी म्हटलं, राहू द्या. दोन गिटारी अजून सापडलेल्या नाहीत. कुठल्या घरात कुठलं पोर आपल्याला जमत नाही असं समजून बसलं आहे, देव जाणे.

रियाकडे तिच्या मापाची गिटार आहे. ॲग्नेला सांगते, दार लावून वाजवते, तास-तास वाजवते, छान वाजवते. पण घरी पाहुणे आले आणि कोणी म्हटलं वाजव, तर ती गिटार पलंगाखाली सरकवते. "मला कान नाही," म्हणते, "टीचरने लिहिलंय." आई सांगते, मी सांगते, यंत्राचा काटा दाखवते. आम्ही कोण? नऊ वर्षांच्या पोरीला शाळेच्या कागदावर लिहिलेलं खरं वाटतं. वाटायलाच पाहिजे. त्यासाठीच तर शाळा असते.

मुख्याध्यापकबाई, हा दिवाळी अंक तुमच्या शाळेच्या वाचनालयात येतो, मला ठाऊक आहे. माझा गुन्हा मी वर लिहिला आहे, खाली नाव घालून छापायला दिला आहे. आता तुमची पाळी. ती यादी कोणी केली, ते सांगा. तो शेरा ज्याने लिहिला त्या माणसाला शोधा आणि रियाच्या वर्गात आणून उभं करा. त्याच्या हातात कुठलीही गिटार द्या, मुलीला पाठमोरं उभं करा, आणि चाळीस मुलांसमोर तिला विचारा, सूर बरोबर आहे की चूक. मग तुमच्याच पेनाने त्या ओळीखाली काय लिहिणार आहात, ते मला कळवा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेल त्या सकाळी ॲग्नेला आणि मी फाटकाशी असू. शिपायाला सांगून ठेवा, या वेळी मी उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही.